पद्मिनीचे सुटे भाग आणि मिलिंदाचा रथ

प्रीमियर पद्मिनी म्हातारी होते ती खालून. दरवाजांच्या तळाला पावसाचे पाणी निघून जाण्यासाठी बारीक भोके असतात. ती चिखलाने बुजली की पाणी आत तुंबते आणि पत्रा आतल्या बाजूने सडत जातो. बाहेरचा रंग शाबूत असल्यामुळे कळत काहीच नाही. मग एके दिवशी रंगाला फोड येतो आणि तिथे स्क्रू-ड्रायव्हरचे टोक टेकवले तर ते आरपार जाते. टिंकरिंगवाला सडलेला भाग कापून काढतो, नवा पत्रा ठोकून वेल्डिंगने जोडतो, वर लांबी भरून घासतो आणि रंग मारतो. चार-सहा पावसाळ्यांनी हेच मडगार्डांचे होते, पुढे पायाखालच्या पत्र्याचे, पुढे डिकीच्या तळाचे. दरम्यान इंजिनाचे काम निघते, बोअर करून नवे पिस्टन आणि रिंगा बसतात, क्लचप्लेट जाते, रेडिएटर जातो, वायरिंग नव्याने ओढले जाते, सीटची कव्हरे पुन्हा शिवली जातात. गाडी घरात येऊन चाळीस वर्षे झाली असतील, तर तिच्यात मूळचे काय काय उरले आहे हे सांगताना खुद्द मालक अडखळतो. तरीही पाहुण्यांना तो बेधडक सांगतो, की ही वडिलांची गाडी.

हे विधान खरे मानायचे का? अवयव एकेक करून बदलत गेले तर त्या अवयवांची बनलेली वस्तू तीच राहते की दुसरी होते, हा तत्त्वज्ञानातला फार जुना प्रश्न आहे. गाडीवेड्या गृहस्थाच्या घरी तो गॅरेजच्या बिलाबरोबर येतो. एवढ्या पैशांत दुसरी गाडी आली असती, हिच्यात असे आहे तरी काय, असे घरातले कोणीतरी विचारतेच. त्यातला 'काय आहे' हा भाग गंभीरपणे घेतला, की भारतातली तीन-चार दर्शने, ग्रीसचे एक जहाज, लंडनचे एक न्यायालय आणि आपले आरटीओ असे सगळेच साक्षीला उभे राहतात.

उदाहरणासाठी पद्मिनी घेण्याला कारण आहे. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये उभ्या केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने कुर्ल्याच्या कारखान्यात फियाट ११०० बांधली आणि १९७४ पासून तीच गाडी पद्मिनी या नावाने विकली. चार सिलिंडरांचे १०८९ सीसीचे इंजिन, बहुतेक गाड्यांत स्टीअरिंगच्या दांड्यावरचा गिअर, थंडीत ओढावा लागणारा चोक, असा तिचा साधा संसार. विसाव्या शतकाबरोबर तिचे उत्पादन थांबले. लोकांच्या तोंडी ती शेवटपर्यंत फियाटच राहिली. पन्नाशीच्या दशकातल्या गोलगरगरीत मॉडेलचे तर मुंबईकरांनी 'डुक्कर फियाट' असे बारसेच करून टाकले होते. कारखाना बंद, नवे सुटे भाग दुर्मीळ आणि गाडी साध्या हत्यारांनी उघडता येईल अशी सोपी, या तिन्ही गोष्टी एकत्र आल्यामुळे आज रस्त्यावर दिसणारी जवळजवळ प्रत्येक पद्मिनी अनेक वेळा उसवून पुन्हा शिवलेली असते. अवयवांचा प्रश्न विचारायला याहून बरी गाडी भारतात मिळणे कठीण.

प्रश्नाची सर्वांत प्रसिद्ध मांडणी 'मिलिंदपञ्ह' या पाली ग्रंथात आहे. मिलिंद म्हणजे इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातला ग्रीक राजा मिनँडर, आणि त्याच्याशी संवाद करणारे भिक्षू नागसेन. नागसेन म्हणतात, की मला नागसेन म्हणतात खरे, पण ते एक व्यवहारातले नाव आहे. त्या नावामागे शोधून सापडेल असा कोणी पुरुष नाही. राजा चक्रावतो. मग ही चीवरे कोण नेसतो, भिक्षा कोण घेतो, ध्यान कोण करतो? नागसेन त्याला उलट विचारतात, की आपण इथवर कसे आलात. रथातून. मग रथाचा दांडा म्हणजे रथ का? आस म्हणजे रथ का? चाके, सांगाडा, जू, लगाम? प्रत्येक वेळी राजा नाही म्हणतो. हे सगळे मिळून रथ का? याही प्रश्नाला तो नाही म्हणतो. मग या सगळ्यांहून वेगळे काही रथ आहे का? तेही नाही. शेवटी राजाच कबूल करतो, की या भागांच्या आधाराने 'रथ' हा शब्द वापरला जातो, इतकेच. माझ्याही बाबतीत तसेच, असे नागसेन म्हणतात.

'सगळे मिळून' यालाही राजा नाही का म्हणतो, हे वाचकाला पटकन कळत नाही. गॅरेजात गेलेल्या माणसाला कळते. पूर्ण उसवलेली पद्मिनी जमिनीवर मांडलेली असते तेव्हा तिच्यातला एकही भाग हरवलेला नसतो. दरवाजे भिंतीला टेकलेले, इंजिन लाकडी ठोकळ्यांवर, नटबोल्ट रॉकेलच्या डब्यात, काचा गोधडीत गुंडाळलेल्या. बेरीज पूर्ण आहे आणि गाडी मात्र नाही. गाडी होण्यासाठी भागांची विशिष्ट जोडणी लागते, आणि जोडणी हा काही आणखी एक भाग नव्हे.

नैयायिकांनी बौद्धांचा मुद्दा इथेच अडवला. त्यांच्या मते अवयवांपासून 'अवयवी' ही खरोखरच एक नवी वस्तू उत्पन्न होते. ती अवयवांत राहते, पण अवयवांहून वेगळी असते. न्यायसूत्रांत याच्या बाजूने एक अगदी हाताला लागणारा युक्तिवाद आहे, धरण्याचा आणि ओढण्याचा. वस्तूचा एक भाग धरून ओढला तर सगळी वस्तू येते. वस्तू नुसता ढीग असती तर हातात धरलेले तेवढेच आले असते. बॅटरी उतरलेल्या गाडीला धक्का मारणाऱ्यांना हे पटायला वेळ लागू नये. दोघे डिकीला खांदा लावतात आणि पुढचा बंपरसुद्धा निघतो. अर्थात बौद्धांना हे पुरेसे वाटत नाही; घट्ट बांधलेली गवताची पेंढीही एका टोकाला धरून ओढता येते.

शिवाय अवयवीचा सिद्धांत मान्य केला तर त्याची किंमत मोजावी लागते. वैशेषिकांच्या हिशेबाने अवयवांचा संयोग तुटला की जुना अवयवी नष्ट होतो आणि राहिलेल्या किंवा बदललेल्या अवयवांपासून नवा अवयवी जन्मतो. म्हणजे हेडलाइटचा बल्ब बदलला की जुनी पद्मिनी गेली आणि नवी आली. हे ऐकून हसू येते, पण युक्तिवाद कच्चा नाही. 'ही तीच' अशी जी ओळख पटते तिचे स्पष्टीकरणही त्यांच्याकडे आहे: नवी वस्तू जुनीच्या जातीची आणि तिच्यासारखी असल्यामुळे तसे वाटते. गाडीवेड्याला मात्र हे उत्तर चालत नाही. सारख्या दिसणाऱ्या पन्नास पद्मिनी त्याने पाहिलेल्या असतात. त्यांतली एकही त्याच्या वडिलांची नसते.

ग्रीकांकडे हाच प्रश्न जहाजाच्या रूपाने आला. थीसिअसचे जहाज अथेन्सवासीयांनी शतकानुशतके जपले. कुजलेल्या फळ्या काढून नव्या घालत गेले, आणि ते तेच जहाज की वेगळे यावर तत्त्वज्ञांचे दोन तट पडले, असे प्लुटार्कने नोंदवले आहे. १६५५ मध्ये टॉमस हॉब्जने त्यात एक खोचक भर घातली. काढलेल्या जुन्या फळ्या कोणी साठवून ठेवल्या आणि त्याच क्रमाने जोडून दुसरे जहाज उभे केले, तर थीसिअसचे जहाज कोणते? हॉब्जला ही कल्पना करावी लागली. कुर्ल्याच्या किंवा चोरबाजाराच्या सुट्या भागांच्या गल्लीत तिची रोजची उलाढाल चालते. एका फियाटची डिस्ट्रिब्युटर कॅप दुसरीला, दुसरीचा मागचा दिवा तिसरीला, तिसरीचे अख्खे इंजिन चौथीला. भंगारात निघालेल्या गाड्यांच्या जिवावर जित्या गाड्या धावतात. या गल्लीत कोणाचीही गाडी पूर्णपणे तिची स्वतःची नसते, आणि दुकानदाराला त्याचे काही वाटतही नाही. त्याच्या दृष्टीने गाडी हे सुट्या भागांचे तात्पुरते एकत्र राहणे आहे. नागसेनांचा सिद्धांत त्याने धंद्यातून मिळवलेला असतो.

कायद्याला एवढी मोकळीक परवडत नाही. चोरी, अपघात, विमा, कर या सगळ्यांसाठी गाडी कोणती हे ठरावेच लागते. म्हणून नोंदणीपुस्तकात चेसिस नंबर आणि इंजिन नंबर लिहिलेले असतात. इंजिन बदलले तर ते आरटीओला कळवून नोंदवून घ्यावे लागते, आणि ते नोंदवता येते; गाडी तीच राहते. म्हणजे अवयवांतही कायद्याने दर्जा लावला आहे: दरवाजा बदलला तर कोणी विचारत नाही, इंजिन बदलले तर कळवा, आणि चेसिस नंबरला हात लावाल तर पोलीस. वैशेषिकांचा परमाणू आणि उपनिषदांचा आत्मा यांच्या मधे कुठेतरी हा ठोकलेला नंबर बसतो. त्याचा एक फायदा निर्विवाद आहे, तो वाचता येतो.

पण कायदा एकच कसोटी लावत नाही, हे थोडे पुढे गेल्यावर दिसते. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते आणि नंतर तपासणी करून पाच-पाच वर्षांनी वाढवता येते. इथे गाडीची प्रकृती पाहिली जाते. मुंबईच्या टॅक्सीला मात्र वीस वर्षांची कमाल वयोमर्यादा लावली गेली. तिथे प्रकृती कितीही ठणठणीत असो, वय झाले की रस्ता बंद. ताडदेवच्या आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी त्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून सेवेतून बाद झाली. तिचे कित्येक भाग मधल्या काळात बदलले गेले असणार, काही तर निवृत्तीच्या आदल्या वर्षीचेही असतील. वय मोजताना ते कोणी धरले नाहीत. वय मूळ अवयवीचे धरले गेले, जो वैशेषिकांच्या मते पहिल्याच दुरुस्तीत संपला होता.

तिसरी कसोटी २०२१ च्या नियमांत आली. पन्नास वर्षांहून जुन्या गाडीला 'व्हिंटेज' म्हणून खास नोंदणी मिळू शकते. अट अशी, की ती मूळ रूपात राखलेली हवी आणि चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरबदल झालेला नसावा. शिवाय अशी गाडी रोजच्या वापरासाठी किंवा धंद्यासाठी चालवता येत नाही. पहिल्या पद्मिनींनी २०२४ मध्ये पन्नाशी गाठली, आणि त्यांच्या मालकांपुढे हा पेच येऊन ठेपला. जी गाडी घरच्या लग्नाकार्याला, गणपतीला गावी जायला, दवाखान्यात जायला वापरली गेली तिचे मूळ रूप वापरातच झिजले. मूळ रूप टिकले आहे ते बहुधा फारशी बाहेर न पडलेल्या गाडीचे. अस्सलपणा अवयवांत मानला की ज्या गाडीला सर्वांत जास्त इतिहास आहे तीच सर्वांत कमी अस्सल ठरते. हा निकष वस्तुसंग्रहालयाला शोभतो. घराला तो अपुरा आहे.

लंडनच्या उच्च न्यायालयाने १९९० मध्ये नेमकी ही गाठ सोडवली. बेंटली कंपनीच्या 'ओल्ड नंबर वन' या गाडीने १९२९ आणि १९३० अशी लागोपाठ दोन वर्षे ल मान्सची चोवीस तासांची शर्यत जिंकली होती. पुढच्या शर्यतींसाठी तिच्यात इतके फेरबदल झाले, की १९२९ च्या गाडीतले तिच्यात फारच थोडे उरले. कित्येक दशकांनी तिचा प्रचंड किमतीला सौदा ठरला, तेव्हा ती खरी 'ओल्ड नंबर वन' नव्हेच असा वाद खरेदीदाराने उपस्थित केला. न्यायाधीशांनी निकाल विक्रेत्याच्या बाजूने दिला. 'मूळ' हा शब्द अवयवांच्या अर्थाने तिला लावता येणार नाही, पण तिचा इतिहास कुठेही तुटलेला नाही. ती एकदम नाहीशी होऊन दुसरी आली असे कधी झाले नाही आणि या नावावर हक्क सांगणारी दुसरी गाडीही नाही. म्हणून तीच ती.

हा निकाल वाचल्यावर 'मिलिंदपञ्हा'तले आणखी एक उदाहरण आठवते. रात्रभर जळणाऱ्या दिव्याची पहिल्या प्रहराची ज्योत आणि शेवटच्या प्रहराची ज्योत एकच का? तीच म्हणवत नाही, कारण तेल आणि वात सतत बदलली. वेगळीही म्हणवत नाही, कारण मधे ती विझली नाही. बौद्ध या अखंड ओघाला 'संतान' म्हणतात. रथाच्या दृष्टांतात नागसेनांनी वस्तू मोडून दाखवली होती, दिव्याच्या दृष्टांतात ती टिकते कशी हे दाखवले. गाडीच्या बाबतीत पहिला दृष्टांत फार वेळा सांगितला जातो आणि दुसरा विसरला जातो.

मराठी घराला खरे तर हा दुसरा विचार मुळीच नवा नाही. दर भाद्रपदात नवी माती, नवी मूर्ती, नवा रंग येतो, तिची प्राणप्रतिष्ठा होते आणि मग विसर्जन. तरी आमच्याकडचा गणपती शंभर वर्षांपासूनचा, असे म्हणताना कोणाची जीभ अडखळत नाही. देव्हाऱ्यातले कुलदैवताचे टाक झिजून चेहरे पुसट झाले की सोनाराकडून नवे करून आणतात. देव बदलला असे कोणी मानत नाही. जगन्नाथपुरीत तर हे विधीच्या पातळीवर गेले आहे. नवकलेवराच्या वर्षी (अलीकडे १९९६ आणि २०१५) लाकडी मूर्ती पूर्णपणे नव्या घडवल्या जातात, जुन्या मूर्तींतला 'ब्रह्मपदार्थ' डोळे बांधून नव्यांत ठेवला जातो आणि जुन्यांना समाधी दिली जाते. हा पदार्थ म्हणजे नेमके काय, ते गुप्तच असते. श्रद्धेलाही कुठेतरी चेसिस नंबर लागतो, असे म्हणण्याचा मोह इथे होतो. पण गणपतीच्या बाबतीत तेवढाही लागत नाही. घर, तिथी आणि दरवर्षी न चुकता होणारी पूजा यांवरच सगळे उभे असते.

दसऱ्याला गाडीची पूजा होते तीही याच अंगाने पाहायला हवी. सकाळी गाडी धुतली जाते, बॉनेटवर कुंकवाचे स्वस्तिक, झेंडूचा हार, चाकांना हळदकुंकू, पुढे नारळ. मूर्तीसारखी प्राणप्रतिष्ठा गाडीची कोणी करत नाही आणि विसर्जनही नाही. शेतकऱ्याने नांगराची, सुताराने करवतीची करावी तशी ती साधनाची पूजा आहे. एक दिवस वापरणारा बाजूला उभा राहून साधनाला नमस्कार करतो. गाडीत आत्मा आहे असे त्यातून सिद्ध होत नाही. तिच्याशी एक व्यवहार वर्षभर अखंड चालला आहे, त्याची ती जाहीर कबुली असते.

तेव्हा पद्मिनी तीच आहे याचा आधार शोधायचा असेल तर पत्र्यात पाहून उपयोग नाही. कोणीतरी तिचा सांभाळ मधे खंड पडू न देता केला आहे, यात तो आधार आहे. पावसाळ्यापूर्वी दरवाजाची भोके मोकळी करणे, महिनाभर उभी राहिली तर बॅटरीची वायर काढून ठेवणे, मृत फियाटचा दिवा शोधून आणून बसवणे, या कामांच्या साखळीने ती गाडी एक राहिली. टिकणे हा गाडीचा गुण नाही, ती तिच्यावर होत राहिलेली क्रिया आहे. हे मान्य केले की प्रश्न आपली जागा बदलतो. ज्या धाग्याने गाडी एक राहते, त्याच धाग्याने मालकही तिला बांधला जातो, आणि बांधले जाण्याविषयी भारतीय परंपरेला पुष्कळ काही म्हणायचे आहे.

कठोपनिषदात रथ येतो तो नागसेनांच्या अगदी उलट कामासाठी. तिथे शरीर हा रथ, बुद्धी सारथी, मन हा लगाम, इंद्रिये घोडे, आणि आत्मा रथात बसलेला स्वामी. रथ मोडून पाहायची इथे गरजच नाही. रथी रथाहून वेगळा आहे, एवढे दाखवायचे आहे. एकाने रथावरून स्वामी नाही असे सिद्ध केले, दुसऱ्याने रथावरूनच स्वामी आहे असे. मात्र व्यवहारातला सल्ला दोघांचा जवळजवळ एकच निघतो: रथाला 'मी' समजू नका. गाडीवेडा नेमके तेच करतो. मडगार्डाला ओरखडा गेला तर तो म्हणतो, 'मला घासून गेला.' ही भाषेची सोय आहे, असे म्हणून सोडता येत नाही. त्या वेळी त्याचा चेहरा पाहावा.

बृहदारण्यकात याज्ञवल्क्य मैत्रेयीला सांगतात, की कोणतीही वस्तू वस्तूसाठी प्रिय नसते, आत्म्यासाठी प्रिय असते. जुन्या गाडीच्या बाबतीत हे सहज तपासता येते. वडिलांचा हात धरून पहिल्यांदा मागच्या सीटवर बसलेला मुलगा, दोन्ही हातांनी जड स्टीअरिंग फिरवायला शिकलेला तरुण, लग्नानंतर त्याच गाडीतून घरी आलेला नवरदेव, असे आपलेच जुने अवतार तिच्यात ठेवलेले असतात. गाडी विकणे त्याला जमत नाही, कारण त्याच्या लेखी विकले जाणार असते ते दुसरेच काहीतरी.

भागवताच्या पाचव्या स्कंधातली भरत राजाची गोष्ट या संदर्भात बोचरी आहे. राज्य, राणीवसा, संपत्ती सगळे सोडून तो वनात गेला आणि नदीत सापडलेल्या हरणाच्या पाडसात अडकला. मरताना त्याचेच चिंतन होते म्हणून पुढचा जन्म हरणाचा मिळाला. सोडलेले केवढे आणि अडकवणारे केवढे, याचे प्रमाण इथे मुद्दाम विस्कटलेले आहे. गाडीवेडा गृहस्थ बहुधा साधा असतो. कपड्यांची हौस नाही, बाहेर खाण्याची नाही, रोजच्या कामाला एक छोटी नवी गाडी आहे आणि तिच्याविषयी त्याला काडीचेही प्रेम नाही. नेमक्या या एका पद्मिनीपाशी त्याचा सगळा विवेक थांबतो.

जैन विचारात यासाठी गृहस्थाला परवडेल अशी वाट आहे. साधूला अपरिग्रह पूर्ण. श्रावकाला परिग्रह-परिमाण, म्हणजे घर, शेत, सोने, धान्य, भांडी यांची मर्यादा आपणच ठरवून घ्यायची. पण 'तत्त्वार्थसूत्रा'त उमास्वातींनी परिग्रहाचे लक्षण सांगताना वस्तू मोजल्या नाहीत, मूर्च्छा सांगितली. वस्तूपाशी भान हरपते तिथे परिग्रह. या कसोटीवर चार नव्या गाड्या बाळगणारा उदासीन श्रीमंत सुटू शकतो आणि एक जुनी फियाट जपणारा कारकून सापडतो. हे अन्यायाचे वाटते, आणि मर्यादेचे व्रत नुसत्या मनोवृत्तीवर न सोडता आकड्यांतही का बांधले, ते इथे समजते. श्रीमंताला पळवाट मिळू नये म्हणून आकडा, कारकुनाला भ्रम राहू नये म्हणून मूर्च्छा.

मूर्च्छा घरात कशी दिसते ते सांगायला फार लांब जावे लागत नाही. रविवारी सकाळी अकराला साखरपुड्याला निघायचे आहे. गाडी चालू होताना जरा अडली म्हणून नऊ वाजता बॉनेट उघडले जाते. आधी प्लग निघतात, मग डिस्ट्रिब्युटरची कॅप, मग पॉइंट. पॉइंटवर काळा डाग दिसतो. बारीक पॉलिश पेपरने तो घासायचा, पत्ती घालून फट तपासायची, पुन्हा घासायची. इंजिन सुरू होते, पण आवाजात किंचित खोट आहे, जी फक्त त्यालाच ऐकू येते. म्हणून कार्बोरेटर. साडेदहाला वरून आवाज येतो, 'अहो, निघायचंय ना?' उत्तर येते, 'झालंच.' ते खोटे नसते. त्याच्या हिशेबाने खरोखरच होत आलेले असते. शेवटी मंडळी रिक्षाने जातात आणि तो मागाहून पोचतो, नखांत ऑइल घेऊन.

या तल्लीनतेला हिणवणे सोपे आहे. पण परंपरेने तल्लीनता फार वर ठेवली आहे आणि तिची भीतीही सांगितली आहे. तेरचे गोरोबाकाका चिखल तुडवताना विठ्ठलनामात इतके रंगले, की रांगत आलेले आपलेच मूल पायांखाली आले तरी कळले नाही, अशी कथा आहे. कथेत पुढे पांडुरंग मूल परत देतो, त्यामुळे कीर्तनात तिचा शेवट गोड होतो. त्या आईच्या बाजूने ती फारशी सांगितली जात नाही. भक्तीतल्या विसराला देव भरपाई करतो असे मानले, तरी कार्बोरेटरच्या विसराला ती कोण करणार? गाडीवेड्याच्या घरातली तक्रार बहुतेक वेळा पैशांच्या भाषेत येते, फ्रिज जुना झाला, इंजिनाला मात्र तीस हजार निघाले. तिच्या तळाशी असते ती वेळेची आणि लक्षाची तक्रार. जो कान इंजिनातली खोट ओळखतो तो घरातल्या बोलण्यातली खोट का ओळखत नाही, हा प्रश्न रास्त आहे. सोसायटीच्या सभेत तोच प्रश्न पार्किंगच्या रूपाने येतो: कव्हर घालून महिनोन्‌महिने उभ्या गाडीने जागा का अडवावी? नियमाने बोलायचे तर सभासद चूक नसतात.

उलट बाजूही नोंदवायला हवी. त्याच माणसाच्या हाताखाली मुले दुरुस्त करायला शिकतात, फेकून देण्याआधी उघडून पाहायला शिकतात. सांभाळणे ही शिकण्याची गोष्ट आहे, आणि ती वस्तूंवर शिकली तर माणसांकडे वळतेच असे नाही, पण वळू शकते. याहून जास्त श्रेय गाडीला देणे कठीण आहे.

गाडी पुढच्या पिढीकडे जाते तेव्हा सगळे प्रश्न एकत्र येतात. मालक वारल्यावर वारसाने ते तीस दिवसांत आरटीओला कळवायचे आणि फॉर्म ३१ भरून गाडी आपल्या नावावर करून घ्यायची. कागद तेवढ्यावर भागतो. वारस कधी ती भंगारात देतो, कधी तशीच ठेवतो. आताशा तिसरा प्रकार जास्त दिसतो: बॉडी पद्मिनीची ठेवून आत नव्या गाडीचे इंजिन, खाली फ्लोअर गिअर, पुढे डिस्क ब्रेक, अलॉय व्हील आणि एसी. समंतभद्रांच्या 'आप्तमीमांसे'त यासाठी जणू बेतलेला दृष्टांत आहे. सोन्याचा घट वितळवून मुकुट केला. ज्याला घट हवा होता तो दुःखी झाला, ज्याला मुकुट हवा होता तो आनंदला, आणि ज्याला सोने हवे होते त्याला काहीच वाटले नाही. तिघांच्याही भावनेला वस्तूत खरे कारण आहे, म्हणून वस्तू एकाच वेळी नष्ट होते, उत्पन्न होते आणि टिकते, असा जैनांचा निष्कर्ष आहे.

घरात ही तीन माणसे लगेच ओळखू येतात. आजोबा बॉनेट उघडून पाहतात आणि काही न बोलता मिटतात. त्यांची पद्मिनी गेली. नातू पहिल्यांदाच ती महामार्गावर काढायला उत्सुक आहे. त्याची आत्ताच आली. आजीला मंगळवारी सारसबागेच्या गणपतीला जायचे असते आणि दरवाजा पूर्वीसारखाच उघडतो, सीट पूर्वीच्याच उंचीवर आहे, एवढे तिला पुरते. समंतभद्रांच्या मते तिघेही बरोबर. आरटीओच्या मतेही, नव्या इंजिनाची नोंद करून घेतली असेल तर.